मॉड्यूल सापडत नाही

२००० सालाच्या आसपास ज्यांनी लिनक्सशी झटापट केली आहे, त्यांना एक ओळ हमखास आठवत असेल: "मॉडप्रोब: कान्ट लोकेट मॉड्यूल चार-मेजर-१४". (देवनागरीत लिहिलं की उगाच आकडा वाटतो, पण यातला 'चार' म्हणजे 'कॅरॅक्टर'चं लघुरूप.) गाणं वाजवायला जावं, स्पीकरमधून हूं की चूं नाही, आणि लॉग उघडून बघावा तर ही ओळ. तीत साउंडकार्डाचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, 'आवाज' हा शब्दसुद्धा नाही! १४ हा आवाजाच्या उपकरणांना दिलेला क्रमांक आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच अर्थ कळणार. कर्नेल एवढंच सांगत होतं की, "कुणीतरी १४ नंबरचं दार ठोठावतंय. आत कोण राहतं मला माहीत नाही. कुणीतरी सांगा."

आज यूएसबीचं काहीही खोचलं की दोन सेकंदांत ते चालू लागतं, आणि ते का चाललं याचा विचार कुणी करत नाही. या दोन टोकांच्या मध्ये सुमारे पंधरा वर्षांचा एक मजेदार इतिहास आहे. माझ्या मते तो सगळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो. हार्डवेअर कोणतं आणि त्याचा ड्रायव्हर कोणता, ही सोयरीक जुळवण्याची माहिती ठेवायची कुणाकडे? उत्तर दर काही वर्षांनी बदललं. आजही ड्रायव्हर आपोआप चढला नाही की जे शोधायचं असतं ते हेच, की ही माहिती नेमकी कुठे अडकली.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत लिहायला घेतलेलं कर्नेल एकसंध होतं. ड्रायव्हर कर्नेलच्या आतच भरलेले असायचे. तुमच्या मशीनमध्ये वेगळं काही असेल तर 'मेक कन्फिग' म्हणायचं, ते विचारील त्या ढीगभर प्रश्नांना हो-नाही उत्तरं द्यायची, आणि कर्नेल नव्याने कंपाइल होईपर्यंत जेवून यायचं. १९९२च्या जानेवारीत अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी "लिनक्स कालबाह्य आहे" म्हणून जो प्रसिद्ध वाद घातला, तो याच एकसंधपणावरून. लायनसने माघार घेतली नाही, पण चालत्या कर्नेलमध्ये तुकडे घालता-काढता आले पाहिजेत ही गरज काही त्या वादावर अवलंबून नव्हती. कर्नेलमध्ये सगळ्या जगाचे ड्रायव्हर कोंबले तर ते फ्लॉपीवर मावेना. १९९५च्या १.२ आवृत्तीपर्यंत मॉड्यूलं रुळली होती. पण चढवायची हातानेच. इन्समॉड म्हणायचं, पुढे नाव.

आणि नाव माहीत असून भागत नसे. तेव्हाची आयएसए कार्डं म्हणजे अगदी मुकी. त्यांना "तू कोण?" विचारायची सोयच नव्हती. ठरावीक पोर्टवर काही लिहायचं, उत्तर काय येतं ते बघायचं आणि अंदाज बांधायचा. एनई-२००० जातीची नेटवर्क कार्डं स्वस्त, आणि त्यांच्या नकला ढिगाने. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या आपल्याकडच्या यंत्रांतही तीच. त्यांना शोधायला जावं तर त्या पोर्टवर भलतंच कार्ड बसलेलं असायचं आणि अख्खं मशीन गारठायचं. म्हणून या ड्रायव्हरचं मॉड्यूल शोधाशोध करायला मुद्दाम नकार देई: पत्ता सांगा, मगच बोला. कार्डावरचा जंपर बघून '३०० हेक्स, आयआरक्यू ५' असं माणसानेच सांगायचं. सगळी माहिती माणसाच्या डोक्यात, नाहीतर कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर.

आपोआप चढवण्याचा पहिला खरा प्रयत्न म्हणजे कर्नेल-डी. १९९६च्या जूनमध्ये आलेल्या २.० आवृत्तीबरोबर तो घरोघरी पोचला. कल्पना साधी होती. कर्नेलला एखादी गोष्ट हवी झाली की ते पार्श्वभूमीवर चालणाऱ्या या प्रोग्रामला निरोप धाडणार, तो मॉड्यूल आणून चढवणार, आणि मिनिटभर कुणी वापरलं नाही तर उतरवूनही ठेवणार. स्मृती किती महाग होती ते यावरून कळावं. या उतरवण्याचा एक विनोदी परिणाम असा, की साउंडकार्डाचं मॉड्यूल उतरलं की आवाजाची पातळीही विसरली जाई. पुढचं गाणं एकतर ऐकूच यायचं नाही किंवा घर दणाणून जायचं. मग लोक मॉड्यूल चढल्यावर आवाज पूर्ववत करणारी एक आज्ञा लिहून ठेवायला शिकले.

१९९९च्या २.२ मध्ये कर्नेल-डी गेला आणि के-मॉड आला. आता निरोप्या ठेवण्याची भानगड नाही. कर्नेल स्वतःच मॉडप्रोबला चालवायचं आणि हवं ते नाव पुढे करायचं. उतरवण्याचं काम सोडून दिलं, ज्याला हवं त्याने क्रॉनमधून करावं.

पण 'हवं ते नाव' म्हणजे काय? इथेच चार-मेजर-१४ची मेख आहे. कर्नेलला ज्या टोकाने गरज कळत होती ते टोक वरचं होतं. कुणीतरी स्लॅश-डेव्हमधली एक फाइल उघडली, तिचा मेजर क्रमांक १४. कर्नेल त्या क्रमांकापलीकडे काही जाणत नव्हतं. १४ म्हणजे साउंड ब्लास्टर की आणखी काही, हे कॉन्फ-डॉट-मॉड्यूल्स नावाच्या फाइलीत (नंतर तिचंच उलटं नाव झालं, मॉड्यूल्स-डॉट-कॉन्फ) माणसाने लिहून ठेवायचं. थोडक्यात माहिती डोक्यातून कागदावर आली. वितरणाबरोबर येणाऱ्या प्रतीत सर्वसाधारण टोपणनावं भरलेली असत, उरलेली आपली आपण.

त्या काळातल्या 'दुरुस्ती'चा निम्मा भाग म्हणजे हे क्रमांक वाचायला शिकणं. ब्लॉक-मेजर-२ म्हणजे फ्लॉपी. चार-मेजर-१०-१३५ म्हणजे घड्याळ. आणि सगळ्यांत जास्त लोकांना छळलेला नेट-पीएफ-१०. लॉगच्या लॉग या एका तक्रारीने भरलेले असायचे आणि लोक घाबरून नेटवर्क कार्ड बदलायला निघायचे. वास्तविक १० हा आयपीव्ही-६ या प्रोटोकॉल कुटुंबाचा क्रमांक. एखादा प्रोग्राम सहज चौकशी करून बघे की आयपीव्ही-६ आहे का, कर्नेल मॉडप्रोबला विचारी, मॉडप्रोब म्हणे नाही, आणि काम पुढे सुखाने चाले. बिघाड कसलाच नाही! उपाय एवढाच की फाइलीत 'नेट-पीएफ-१० ऑफ' अशी ओळ टाकून कटकट बंद करायची. या नेट-पीएफला लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

मला त्या दिवसांविषयी गळा काढणाऱ्यांचं थोडं नवल वाटतं. "तेव्हा आपल्याला आपलं मशीन माहीत होतं" वगैरे. खरं सांगायचं तर ते शंभरातल्या दोघांना माहीत होतं, आणि बाकीचे अठ्ठ्याण्णव त्या दोघांना फोन करत. मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी उत्साहाने घालून, आवाज नाही नि इंटरनेट नाही म्हणून दुसऱ्या दिवशी विंडोजवर परतलेले लोक मोजले तर या एका फाइलीने लिनक्सचं किती नुकसान केलं ते कळेल.

असो. खरा बदल हार्डवेअरकडून आला. पीसीआय कार्ड मुकं नाही. त्याच्या पोटात दोन क्रमांक कोरलेले असतात, कुणी बनवलं आणि काय बनवलं. विचारलं की सांगतं. यूएसबीचंही तसंच. म्हणजे नाव सांगायला माणूस लागतोच असं राहिलं नाही. मग मधल्या काळात प्रत्येक वितरणाने स्वतःची एकेक वही बनवली, कोणत्या क्रमांकाला कोणतं मॉड्यूल. रेड हॅटचा कुडझू, डेबियनचा डिस्कव्हर. क्लाउस क्नॉपरच्या नॉपिक्सची सीडी २००० नंतर ज्यांनी पहिल्यांदा घातली, त्यांना ती जादूच वाटली: हार्डडिस्कला हात न लावता सगळं ओळखून चालू! पण वह्या अनेक, आणि प्रत्येक वही कर्नेलच्या मागे धावणारी. नवा ड्रायव्हर आला की वहीत नोंद व्हायला वेळ.

गंमत म्हणजे ही माहिती आधीपासून एका ठिकाणी अचूक लिहिलेली होतीच: खुद्द ड्रायव्हरच्या कोडमध्ये. ड्रायव्हर लिहिणारा आपण कोणकोणती कार्डं चालवू शकतो त्याची यादी लिहीतच असतो, त्याशिवाय त्याचं काम चालणार कसं? फक्त ती बाहेरून वाचता येत नव्हती. २००१च्या जानेवारीत आलेल्या २.४ मध्ये 'मॉड्यूल-डिव्हाइस-टेबल' नावाची एका ओळीची सोय होती. ती लिहिली की यादी मॉड्यूलच्या फाइलीत बाहेरून दिसेल अशी छापली जाते. डेपमॉड सगळी मॉड्यूलं चाळून त्या याद्यांचा एकच मोठा तक्ता बनवतो. नवं उपकरण दिसलं की कर्नेल स्लॅश-एसबिन-हॉटप्लग चालवतं, तो तक्त्यात बघतो आणि मॉड्यूल चढवतो. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना ही एक ओळ. वधूवर सूचक मंडळांच्या वह्या बाद झाल्या, कारण प्रत्येक स्थळ आपली पत्रिका स्वतःच घेऊन येऊ लागलं. हाकेची दिशाही उलटली. आधी वरून कुणी फाइल उघडे तेव्हा शोध सुरू व्हायचा, आता खालून उपकरण स्वतः हाक मारत होतं.

२००३च्या डिसेंबरातल्या २.६ ने घर पूर्ण नव्याने बांधलं. रस्टी रसेलने मॉड्यूल चढवण्याची यंत्रणा त्याआधीच मुळापासून लिहिली होती (फाइलींचा शेवट डॉट-ओ जाऊन डॉट-केओ झाला तो तेव्हाच), सिस-एफएस आलं, आणि ग्रेग क्रोआ-हार्टमनचा यूडेव्ह स्लॅश-डेव्ह सांभाळू लागला. त्याआधी रिचर्ड गूचचं डेव्ह-एफएस हेच काम कर्नेलच्या आतून करत होतं. त्यावरून झालेली भांडणं हा वेगळ्या लेखाचा विषय, २००६ मध्ये ते कर्नेलमधून काढून टाकलं एवढं पुरे.

यूडेव्हने एक जुनी गोष्ट मात्र बिघडवली. जुन्या स्लॅश-डेव्हमध्ये हजारो फाइली पडून असत, उपकरण असो वा नसो. म्हणून तर कुणी फाइल उघडली की मॉड्यूल चढे. यूडेव्ह फाइल बनवणार उपकरण दिसल्यावर, म्हणजे मॉड्यूल चढल्यावर. आणि ज्यांच्यामागे खरं हार्डवेअरच नाही अशांचं काय? पीपीपी घ्या. फाइल नाही म्हणून उघडता येत नाही, उघडली नाही म्हणून मॉड्यूल चढत नाही, मॉड्यूल नाही म्हणून फाइल नाही. 'लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही' अशातला प्रकार. बरीच वर्षं लोक अशी मॉड्यूलं स्लॅश-ईटीसी-मॉड्यूल्समध्ये लिहून बूट होतानाच चढवत राहिले. २०१०च्या २.६.३५ मध्ये तोडगा निघाला. अशा मॉड्यूलांनी आपल्या फाइलीचं नावही पत्रिकेत लिहायचं, म्हणजे ती रिकामी फाइल आधीच मांडून ठेवता येते. एका अर्थी १९९६ची युक्ती मागच्या दाराने परत आली.

२००५च्या सुमारास तक्त्यांची जागा मॉड-एलियासने घेतली, आणि आपण आज वापरतो ते रूप हेच. उपकरणाची सगळी ओळख एका ओळीत: पीसीआय:व्ही००००१०ईसीडी००००८१३९ आणि पुढे बरंच काही. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८१३९ म्हणजे त्यांचं ते स्वस्त नेटवर्क कार्ड, जे एके काळी जिथे तिथे दिसे. ड्रायव्हरच्या पत्रिकेत अशाच ओळी असतात, जिथे काहीही चालेल तिथे चांदणी. यूडेव्ह ती ओळ जशीच्या तशी मॉडप्रोबच्या हाती देतो, तो जुळवून बघतो. संपलं.

याच कार्डावर थोडं थांबू, कारण यंत्रणेची मर्यादा इतकी स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. ८१३९चे दोन ड्रायव्हर आहेत. जुन्या चिपसाठी ८१३९-टू आणि नव्या 'सी-प्लस' चिपसाठी ८१३९-सीपी. दोन्ही चिपांचे क्रमांक तेच. फरक फक्त रिव्हिजनच्या आकड्यात, आणि तो मॉड-एलियासच्या ओळीत नसतोच. मग मॉडप्रोब काय करणार? दोन्ही चढवतो. सीपी कार्डाकडे बघतो आणि म्हणतो, "हे सी-प्लस नाही, ८१३९-टू वापरा", आणि बाजूला होतो. टू येऊन कार्ड ताब्यात घेतो. सगळं बरोबर चाललेलं असतं, पण लॉगमध्ये ती नकाराची ओळ वाचून किती जणांनी रात्र जागवली असेल! नेट-पीएफ-१०चीच नवी आवृत्ती. नकार म्हणजे बिघाड नव्हे. "मला जमत नाही" म्हणणारा ड्रायव्हर आपलं काम चोख करत असतो.

आता कुणाचं कार्ड चालत नसेल तर मी क्रमाने याच इतिहासाच्या पायऱ्या उतरतो. एलएसपीसीआयला '-एनएनके' जोडून बघायचं, कार्ड दिसतंय का, कोणी ताबा घेतलाय. दिसतच नसेल तर सॉफ्टवेअरचा दोष शोधण्यात अर्थ नाही. दिसतंय पण ताबा कुणाचाच नाही, तर सिस-एफएसमधली त्याची मॉड-एलियासची ओळ घेऊन मॉडप्रोबला 'आर' पर्यायाने विचारायचं, हिला कोण जुळतं? काहीच उत्तर नसेल तर या कर्नेलकडे तिला ओळखणारा ड्रायव्हर नाही, किंवा डेपमॉडचा तक्ता शिळा आहे. नाव आलं तरी चढत नसेल तर कुणीतरी ब्लॅकलिस्टमध्ये टाकलंय का बघायचं. ब्लॅकलिस्ट म्हणजे बंदी, हा समज चुकीचा आहे. ती फक्त पत्रिकेवरून होणारी जुळणी थांबवते. नाव घेऊन बोलावलं, किंवा दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज पडली, तर ते खुशाल चढतं. शिवाय बूट होताना वापरायच्या इनिटरॅमएफएसमध्ये या फाइलींची वेगळी प्रत असते. मूळ फाइल बदलून आत जुनीच राहिली तर बदल दिसणार कसा?

शेवटी राहतं फर्मवेअर. ड्रायव्हर आहे, चढलाही, पण चिपच्या आत ओतायचा तिचा स्वतःचा प्रोग्राम डिस्कवर नाही. वायफायची अर्धी दुखणी इथली. यावरूनही २०१२ मध्ये एक मोठं वाजलं होतं. ड्रायव्हर चढता चढताच फर्मवेअर मागायचा, ते आणून देणार यूडेव्ह, आणि नव्या यूडेव्हचं म्हणणं की आधी मॉड्यूल चढणं पूर्ण होऊ दे, मग पुढची मागणी बघू. दोघंही एकमेकांची वाट बघत बसायचे आणि टीव्ही कार्डं वगैरे बूट होताना अडून राहायची. लायनस चांगलाच भडकला. डिसेंबर २०१२च्या ३.७ पासून कर्नेल फर्मवेअरची फाइल स्वतःच वाचू लागलं. इतकी वर्षं एकेक काम कर्नेलबाहेर ढकलत आलेल्या मंडळींनी हे एक काम परत आत नेलं, हे मला बोलकं वाटतं.

आणि नेट-पीएफ. १९९६च्या वळणाची ती हाक अजून जिवंत आहे. कुठलाही साधा वापरकर्ता एखाद्या अपरिचित प्रोटोकॉलचं सॉकेट उघडायला गेला तर कर्नेल त्याचं मॉड्यूल शोधून चढवतं. २०१० मध्ये डॅन रोझेनबर्गने आरडीएस नावाच्या प्रोटोकॉलमध्ये असं भोक दाखवलं की त्यातून साधा वापरकर्ता थेट रूट होऊ शकत होता. आरडीएस कोण वापरतं? जवळपास कुणी नाही. पण वितरणांच्या डिस्कवर ते होतं, आणि नेट-पीएफ-२१ अशी हाक आली की आपोआप चढत होतं. २०१७ मध्ये डीसीसीपी या अशाच अडगळीतल्या प्रोटोकॉलची पाळी आली. लोकांच्या सोयीसाठी उघडं ठेवलेलं दार हल्लेखोरालाही सोयीचं पडलं. म्हणून उबुंटूसारख्या वितरणांत दुर्मिळ प्रोटोकॉलांची एक ब्लॅकलिस्ट सोबतच येते. त्यांच्यापुरतं तरी आपोआप काही नको, हवं असेल त्याने नाव घेऊन मागावं. म्हणजे पुन्हा इन्समॉडच्या काळातली रीत, यावेळी मुद्दाम पत्करलेली.

एआरएमच्या छोट्या बोर्डांवर तर हा इतिहास अजून घडतोच आहे. तिथे आय-स्क्वेअर्ड-सीवर लटकलेल्या सेन्सरला पीसीआयसारखी स्वतःची ओळख नाही. आयएसए कार्डाइतकाच तो मुका. त्याची ओळख डिव्हाइस-ट्री नावाच्या फाइलीत माणसानेच लिहिलेली असते, आणि ड्रायव्हरने तिच्याशी जुळणारी पत्रिका छापायची असते. ड्रायव्हर लिहिणारा आपल्या टेबलावर तो कर्नेलच्या आतच भरून चाचणी घेतो, त्याचं चालतं. वितरण तोच ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून देतं आणि लोकांकडे तो आपोआप चढत नाही. कर्नेलच्या बदलांच्या नोंदी चाळल्या तर वर्षानुवर्षं एकाच मजकुराची दुरुस्ती दिसत राहते: अमुक ड्रायव्हरमध्ये मॉड्यूल-डिव्हाइस-टेबलची ओळ राहून गेली होती, ती घातली.